शेजारी बसणारं माणूस

खटाव तालुक्याचं ठाणं खटावात नाही, वडूजला आहे. येरळेकाठच्या या गावात तहसील कचेरी, पंचायत समिती आणि तिच्या जोडीला शिक्षण खात्याचं गटसाधन केंद्र. जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकणाऱ्या दिव्यांग मुलांचं कामकाज अशा गटसाधन केंद्रातून चालतं. मुलांच्या प्रकारवार याद्यांत आता स्वमग्नतेचाही, म्हणजे ऑटिझमचा, रकाना असतो. पण त्या मुलाजवळ वर्गात दिवसभर बसेल, त्याची नस ओळखेल, गुरुजींना हातभार लावेल, असं पद आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत नाही. इंग्लंडमधल्या प्राथमिक शाळांत ‘टीचिंग असिस्टंट’ ही रोजची गोष्ट आहे. मुंबई-पुण्याच्या खासगी शाळांत ‘शॅडो टीचर’ दिसते. तिचा पगार बहुधा पालकांच्याच खिशातून जातो. माण-खटावच्या वाडीवस्तीवर हे काम वाटून घेतलं जातं. थोडं आई करते, थोडं खिचडी शिजवणारी मावशी, थोडं शेजारी बसणारा सवंगडी. उरलेलं शाळाभेटीला येणाऱ्या विशेष शिक्षकांवर.

विशेष शिक्षक हे प्रशिक्षित माणूस. पण सर्व शिक्षा अभियानात आणि २०१८ पासून समग्र शिक्षेत हे लोक वर्षानुवर्षं कंत्राटावर राबले. एकाच्या वाट्याला कितीतरी शाळा. दृष्टिदोष, कर्णबधिरता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि स्वमग्नता, सगळं एकाच पिशवीत. शिवाय जे मूल शाळेत येऊच शकत नाही त्याची गृहभेट, वैद्यकीय शिबिरं, प्रमाणपत्रांचा पाठपुरावा आणि न संपणारी ऑनलाइन माहिती भरणं. मोटारसायकलवर आलेला हा माणूस तासभर बसतो, गुरुजींना दोन गोष्टी सांगतो, सही करतो आणि पुढच्या गावाला लागतो. त्याच्या तळमळीत खोट नाही. पण स्वमग्न मुलाशी नातं असं भेटीगाठींवर जुळत नाही. त्याला तेच माणूस, त्याच वेळी, त्याच जागी लागतं. आपली सगळी व्यवस्था नेमकी याच्या उलट बांधलेली आहे.

आधी मूल ओळखलं जाण्याचाच प्रश्न. अमेरिकेत लिओ कॅनर यांनी अकरा स्वमग्न मुलांची निरीक्षणं छापली ती १९४३ साली. आपल्या १९९५ च्या अपंग कायद्यातल्या सात प्रकारांत मात्र स्वमग्नता नव्हतीच. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची दखल घेतली आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकारांत तिला स्वतंत्र जागा दिली. तोवर अशी कित्येक मुलं ‘मतिमंद’ या एकाच खान्यात पडत होती. आता निदानासाठी ‘इसा’ ही भारतीय मापनश्रेणी वापरतात. तिच्यात चाळीस बाबी असून प्रत्येकीला एक ते पाच गुण, आणि एकूण बेरीज सत्तर किंवा त्याहून जास्त झाली की स्वमग्नता धरतात. पण त्या प्रमाणपत्रासाठी वडूजहून पुसेगाव, कोरेगाव करत पन्नासेक किलोमीटरवरच्या साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत जायचं, म्हणजे मजुरी बुडणार.

या भागात आणखी एक गुंता आहे. इथली माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी तमिळनाडूपासून बंगालपर्यंत पसरली आहेत. समजा, एक मुलगा कोइमतूरला तीन वर्षांचा झाला आणि मग आईबरोबर गावी परतला. तो बोलत नाही. घरचे म्हणतात, तिकडं तमिळ ऐकलं, इथं मराठी, गोंधळलंय पोर. आजी म्हणते, ‘बाप बी उशिराच बोलला हुता, बोलंल की.’ कोणी बाहेरचं काही आहे का ते बघून येतं. यात दोन-तीन वर्षं सहज जातात आणि मूल पहिलीच्या पटावर येतं ते कुठल्याही कागदाशिवाय. एकाहून जास्त भाषा कानावर पडल्याने स्वमग्नता येत नाही, हे एवढं तरी अंगणवाडीपर्यंत पोचायला हवं.

हाच मुलगा आता शाळेत आला आहे असं धरू. साठपर्यंत पट असला की कायद्याने शिक्षक दोन, म्हणजे एकेका गुरुजींच्या समोर दोन-दोन इयत्ता. सकाळी परिपाठ: कर्कश स्पीकर, राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, खांद्याला खांदा लावून रांग. ज्याच्या कानाला साधा आवाजही टोचतो त्याची दिवसाची सुरुवातच अशी होते. मग घंटा, जेवणाच्या वेळी ताटांचा खणखणाट. शनिवारी शाळा सकाळची, उन्हाळ्यात पुन्हा सकाळची. पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा भरली की गावागावांतला दिनक्रमच बदलतो. बाकीच्या पोरांना जी मौज, ती याच्या पायाखालची जमीन सरकवते. तो ओरडतो, पळतो, कान दाबून कोपऱ्यात बसतो. पाहणारे म्हणतात, हट्टी आहे, लाडावलाय.

शेजारी बसणाऱ्या माणसाचं काम इथे सुरू होतं, आणि त्यात शिकवणं फार नंतर येतं. समोर बसून ‘माझ्याकडं बघ’ म्हणायचं नाही. शेजारी बसायचं, तो करतो आहे तेच आपणही करायचं. वाक्य छोटं, एका वेळी एकच. सांगितल्यावर गप्प राहायचं, मनात दहा मोजायचे. उत्तर बऱ्याचदा सहाव्या-सातव्या आकड्याला येतं आणि आपण तोवर तिसऱ्यांदा विचारून त्याचा धागा तोडलेला असतो. परिपाठाला त्याला रांगेच्या टोकाला, स्पीकरपासून लांब उभं करायचं. दिवसाचा क्रम चित्रांत काढून भिंतीला लावायचा आणि उद्या शनिवार असेल तर शुक्रवारीच ते चित्र त्याच्या हाताने बदलून घ्यायचं. यातल्या कशालाही पैसा लागत नाही, माणूस लागतं.

पुष्कळ स्वमग्न मुलं ऐकलेली वाक्यं जशीच्या तशी म्हणत राहतात. आपला मुलगा समजा एसटी स्टँडवरची घोषणा म्हणतो: वडूजहून दहिवडीमार्गे म्हसवडला जाणारी गाडी अमुक फलाटावर. दिवसातून पन्नास वेळा. गुरुजींना हा उच्छाद वाटणं साहजिक आहे. पण बॅरी प्रिझंट या अमेरिकी भाषातज्ज्ञांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच दाखवून दिलं की हा निरर्थक पोपटपणा नसतो. मूल त्यातून मागतं, नकार देतं, स्वतःला शांत करतं. रोज जवळ असणाऱ्या माणसाला कळतं की गाडी ‘सुटत आहे’ म्हटलं म्हणजे त्याला लघवीला जायचंय आणि ‘फलाटावर लागली आहे’ म्हटलं म्हणजे तो कामाला तयार आहे. मग ती व्यक्ती पुठ्ठ्याच्या पाट्या करते: पुसेगाव, कोरेगाव, सातारा, मायणी, विटा. पाट्या वाचता वाचता ‘पु’ आणि ‘को’ येतात, तिकिटांतून बेरीज येते. शेजारचा पोरगा कंडक्टर होतो, आणि महिनाभरात दोन-चार प्रवासीही मिळतात. महिन्यातून दोनदा येणाऱ्याला हा कोश कसा उलगडावा?

डेमियन मिल्टन हे स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ. २०१२ मध्ये त्यांनी मांडलं की न समजणं दोन्ही बाजूंनी असतं: स्वमग्न माणसाला इतरांचं मन वाचता येत नाही म्हणता, तर तुम्हाला तरी त्याचं कुठे वाचता येतं? माझ्या मते मदतनिसाच्या प्रशिक्षणाचा पहिला धडा हाच असावा.

पण नुसतं माणूस नेमून भागत नाही, हेही परदेशच्या अनुभवातून घ्यायला हवं. अमेरिकेत मायकेल जियानग्रेको आणि सहकाऱ्यांनी १९९७ च्या अभ्यासात वर्गांत बसून पाहिलं तेव्हा मदतनीस मुलाला इतके चिकटून होते की वर्गमित्र जवळ फिरकेनात आणि वर्गशिक्षकाने मूल जणू त्यांच्या हवाली करून टाकलेलं. इंग्लंडमध्ये पीटर ब्लॅचफोर्ड, रॉब वेबस्टर यांच्या मोठ्या अभ्यासात आठ हजारांवर विद्यार्थ्यांची प्रगती तपासली गेली. ज्यांना मदतनीस जास्त मिळाला त्यांची प्रगती कमी निघाली. दोष मदतनिसांचा नव्हता, वापरण्याच्या पद्धतीचा होता. त्यांना शिक्षकांशी बोलायला वेळच नव्हता. धडा काय आहे ते त्यांना मुलाबरोबरच कळायचं. आपल्याकडे पद निर्माण झालं तर हे पहिल्या दिवसापासून टाळता येईल. मदतनिसाने मुलाला आणि वर्गाला एकमेकांजवळ आणायचं, मग एकेक पाऊल मागे सरकायचं.

सर्वोच्च न्यायालयाने रजनीशकुमार पांडेय प्रकरणात २०२१ साली प्राथमिक स्तरावर दर दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण घालून दिलं. महाराष्ट्राने २०२४ मध्ये केंद्रामागे, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या एकेका गटामागे, एक याप्रमाणे ४,८६० विशेष शिक्षकांच्या पदांचा निर्णय घेतला. हे मोठंच पाऊल, कंत्राटाच्या टांगत्या तलवारीखाली उमेद घालवलेल्यांना तर फारच. पण हिशोब करून पाहा. केंद्रात दहा-अकरा शाळा धरल्या तर एका शाळेच्या वाट्याला आठवड्यातून निम्मा दिवस येतो. उरलेले पाच दिवस मुलाच्या शेजारची जागा रिकामीच.

ती भरायला गावात माणूस आहे. पोषण आहाराची मावशी तुटपुंज्या मानधनावर रोज येते, आणि अनेक मुलांचं पहिलं नातं तिच्याशीच जुळतं, कारण ती प्रश्न विचारत नाही, ताट देते. समग्र शिक्षेत दिव्यांग मुलासाठी वर्षाला साडेतीन हजारांची तरतूद आहे, मदतनीस भत्त्याची सोय आहे. पण तो भत्ता शाळेपर्यंत आणून सोडणाऱ्याचा. गावातल्याच बारावी झालेल्या एखाद्या मुलीला किंवा सुनेला मानधनावर नेमलं, विशेष शिक्षकाने तिला निम्म्या दिवसात शिकवलं आणि गुरुजींनी रोज शाळा सुटल्यावर दहा मिनिटं तिच्याशी बोलायचं ठरवलं, तर बरंच निभेल. अशा मुलांच्या आया आज हे काम फुकट करतात. वर्गाबाहेरच्या पायरीवर बसलेल्या आईला मदतनीस म्हणणं मला मान्य नाही. तिला घरी जाऊ द्यायला हवं.

आणि बदल्यांचं काय? मोठ्या कष्टाने मुलाची खूण ओळखलेल्या बाईंचं नाव बदलीच्या यादीत येतं. नव्या गुरुजींना मिळतं ते हजेरीपुस्तक आणि प्रगतिपत्रक. मूल शून्यावर येतं, गुरुजीही. यावर उपाय एका पानाचा आहे: कशाने घाबरतो, कशाने शांत होतो, कुठलं वाक्य म्हणतो तेव्हा काय हवं असतं, कुणाच्या शेजारी बसतो, डब्यातलं काय खात नाही. हे पान लिहायला शासननिर्णय लागत नाही. ते पुढच्या शिक्षकाच्या हातात पडलं की नाही, हे पाहण्याचं काम मात्र केंद्रप्रमुखांच्या नावावर लेखी टाकावं लागेल. तोंडी सांगितलं तर जूनच्या गडबडीत ते राहूनच जाणार.