जुनी गाडी जागची हलेना : घरच्या तपासणीतले समज आणि वस्तुस्थिती

इंजिनाची शक्ती क्लच, गिअरबॉक्स, डिफरन्शिअल आणि शाफ्ट या क्रमाने चाकापर्यंत पोहोचते. यांतला कोणताही दुवा निसटला तरी चालकाला लक्षण बहुधा एकच दिसते : इंजिन रेस घेते, गाडी हलत नाही. मग ‘गिअरबॉक्स गेला’ असा निकाल दिला जातो, आणि घरी करता येण्याजोगी सगळ्यात महागडी चूक हीच.

तपासणीआधी गाडीची रचना माहीत हवी. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातल्या खेड्यांत जुनी गाडी म्हणजे, इतर अनेक ठिकाणांप्रमाणेच, बहुधा अँबॅसडर, मारुती ८०० किंवा ओम्नी. मारुतीच्या या दोन गाड्यांचे ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन सारखे, म्हणून बिघाडही सारखेच असतील असे समजले जाते. पण ८०० पुढच्या चाकांवर चालते, तर ओम्नीत अँबॅसडरसारखा लांब प्रोपेलर शाफ्ट मागच्या चाकांपर्यंत जातो. ८०० मध्ये वळताना ‘कट-कट’ वाजणारा सांधा ओम्नीत नाही. ओम्नीत ‘ठक्’ करणारा प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस-जोड ८०० मध्ये नाही.

‘एका बाजूचा शाफ्ट तुटला तरी दुसरे चाक गाडी ओढेल’ हा समज फार पक्का आहे. साध्या डिफरन्शिअलमध्ये शक्ती सर्वांत कमी विरोधाच्या वाटेने जाते. एक शाफ्ट तुटला की सगळा फिरता जोर त्या मोकळ्या टोकाकडे वाया जातो आणि धडधाकट चाक जागीच राहते. याची परीक्षा इंजिन बंद ठेवूनच करायची. किल्ली काढावी, गाडी कडक, सपाट जमिनीवर घ्यावी आणि ज्या चाकांना शक्ती मिळते ती दोन्ही उचलून गाडी पक्क्या स्टँडवर टेकवावी. नुसत्या जॅकवर विसंबू नये. ८०० चे पुढचे टोक उचलताना हँडब्रेक ओढलेला ठेवता येतो, कारण तो मागच्या चाकांवर असतो. अँबॅसडरचे मागचे टोक उचलल्यावर मात्र तो सोडावा लागतो, म्हणून पुढच्या चाकांना आधीच दगड किंवा ठोकळे लावावेत. मग गिअर टाकून एक चाक हाताने फिरवावे. दुसरे चाक उलट दिशेने फिरले तर दोन्ही शाफ्ट आणि डिफरन्शिअल जोडलेले आहेत, संशय क्लच व गिअरबॉक्सकडे सरकतो. दुसरे चाक ढिम्म राहिले आणि हातातले मोकळे फिरले, तर शाफ्टचा एखादा सांधा निसटला किंवा तुटला असण्याची शक्यता मोठी. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत याच वेळी प्रोपेलर शाफ्ट फिरताना दिसला, तर मात्र गिअर नीट पडलेला नाही किंवा क्लच पकडत नाही.

क्लचबाबत दुसरा गैरसमज. हँडब्रेक ओढून, वरचा गिअर टाकून क्लच सोडावा. इंजिन बंद पडले की क्लच ठणठणीत, असे मानतात. ही परीक्षा फक्त पूर्ण संपलेला क्लच दाखवते. झिजू लागलेली प्लेट भार आल्यावरच सरकते आणि त्याच त्रिभुज प्रदेशातल्या तंजावरच्या आसपास भार देणारा चढ मिळणेच कठीण. भातखाचरांतून जाणारे रस्ते सपाट असल्याने अर्धा संपलेला क्लचही तिथे कुरकुर न करता दिवस काढतो. नदीच्या बांधावर किंवा पुलाच्या चढावर भरली गाडी चढवताना इंजिनाचा आवाज वाढतो, वेग वाढत नाही आणि जळका वास येतो. तरीही लगेच प्लेट बदलू नये. ८०० चा क्लच केबलवर चालतो. केबल फार ताणलेली असेल तर चांगली प्लेटही सरकते. फार सैल असेल तर क्लच पुरता सुटत नाही, गिअर पडत नाही, आणि दोष येतो गिअरबॉक्सवर. अँबॅसडरचा क्लच हायड्रॉलिक आहे. तिथे आधी क्लचच्या तेलाची पातळी आणि क्लचच्या खालच्या सिलिंडरची गळती पाहावी.

आवाजांची सगळ्यात जास्त गल्लत होते, पण आवाज कशाने बदलतो हे पाहिले की बरेचसे उलगडते. गाडी उभी, न्यूट्रल, इंजिन चालू : क्लच दाबल्यावर घरघर थांबली तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे बेअरिंग, दाबल्यावर सुरू झाली तर क्लचचे रिलीज बेअरिंग. चालत्या गाडीत रेस सोडताच सूर बदलला तर डिफरन्शिअल. डावी-उजवीकडे हलके वळल्यावर बदलला तर चाकाचे बेअरिंग. रस्त्याचा पृष्ठभाग बदलल्यावर बदलला तर बिचारा टायर. गाडी सुटताना किंवा रिव्हर्स टाकताना ‘ठक्’ आले तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस हाताने हलवून पाहावा. तिथे जाणवेल इतकी ढिलाई नसावी. हा शाफ्ट काढण्यापूर्वी खुणा करून ठेवाव्यात, कारण दोन्ही टोकांचे योक एकमेकांच्या रेषेत बसले नाहीत तर नवा क्रॉस घालूनही थरथर राहते.

स्टिअरिंग पूर्ण वळवून सावकाश चालताना कटकट आली, तर पुढच्या शाफ्टचा बाहेरचा सांधा झिजला आहे. ‘ग्रीस भरले की थांबेल’ हे खरे नाही. आतल्या गोळ्यांच्या वाटांत खड्डे पडलेले असतात, ग्रीस ते भरून काढत नाही. ग्रीस उपयोगी पडते ते आधी, सांध्यावरचा रबरी बूट फाटल्याचे कटकट सुरू होण्यापूर्वी लक्षात आले तर. रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे दिसणे ही त्याची खूण. कावेरीच्या या प्रदेशात बूट फाटला की सांध्यात गाळ शिरायला वेळ लागत नाही. मेट्टूर धरणाच्या पाण्यावर पिकणाऱ्या कुरुवै भाताची कापणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते आणि त्याच सुमारास ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो. कापणीनंतर रस्त्यावर वाळत पडलेला पेंढाही शाफ्टला गुंडाळला जाऊन बूट आणि सील घासू शकतो. तो गाडी थंड झाल्यावर, हाताने काढावा. गंजू नये म्हणून गाडीच्या पोटाला डिझेल किंवा जुने तेल मारण्याची पद्धत मात्र रबरी बुशांना बाधते.

पाण्यातून गाडी पार निघाली म्हणजे सुटली, हाही समजच. तापलेले डिफरन्शिअल थंड पाण्यात शिरले की आतली हवा आकसते आणि हवेच्या छिद्रातून वा झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढले जाते. पातळी तर उलट भरलेली दिसते, म्हणून ‘तेल पुरेसे आहे’ यावर समाधान मानू नये. भरण्याचा बोल्ट उघडून तेल बोटावर घ्यावे. दुधाळ दिसले तर ते काढून नवे भरावे. भरताना ‘नव्वद नंबरचे कुठलेही’ चालत नाही : अँबॅसडरच्या हायपॉइड डिफरन्शिअलला जीएल-५ दर्जाचे तेल लागते, तर गिअरबॉक्सच्या पितळी रिंगांना जीएल-४ अधिक मानवते. काढलेल्या तेलात बारीक धातूची पूड असणे जुन्या गाडीत नवलाचे नाही. दाताचा तुकडा निघाला तर गाडी पुढे चालवू नये आणि घरची तपासणी तिथेच थांबवावी. वर्कशॉपला नेताना शक्ती मिळणारी चाके उचलूनच न्यावी : ८०० ची पुढची, अँबॅसडर आणि ओम्नीची मागची.