टोपणनांवामागची लेखिका आणि तिची भविष्यकथा

पुस्तकावर लेखकाचें जें नांव छापलेलें असतें तें त्याचेंच असणार, असें वाचक सहसा धरून चालतो. इ. स. १९३७ मध्यें लंडनच्या व्हिक्टर गोलान्झ या प्रकाशकानें ‘स्वस्तिका नाइट’, म्हणजे स्वस्तिकाची रात्र, ही कादंबरी काढली, तेव्हां तिच्यावर मरे कॉन्स्टंटाइन हें पुरुषाचें नांव होतें. लिहिणाऱ्या मात्र होत्या कॅथरिन बर्डेकिन, १८९६ सालीं जन्मलेल्या एक इंग्रज बाई. त्यांची पहिली कादंबरी १९२२ सालीं निघाली. टोपणनांव त्यांनीं १९३४ मध्यें घेतलें. फॅसिस्टांविरुद्ध उघड लिहिल्यास कुटुंबाला उपद्रव होईल, ही भीति त्यामागें होती असें सांगतात.

कथेंतला काळ सातशें वर्षांनंतरचा आहे. तिचें बीज मात्र त्या वेळच्या वर्तमानपत्रांत होतें. हिटलर १९३३ च्या जानेवारींत सत्तेवर आला आणि त्याच वर्षीं मे महिन्यांत बर्लिनच्या चौकांत ग्रंथांची होळी झाली. ही होळी शेवटास गेली तर काय होईल, हा प्रश्न कादंबरीनें हातीं घेतला आहे.

त्या काळीं अर्धें जग जर्मनांच्या व अर्धें जपान्यांच्या अमलाखालीं आहे. हिटलर देव झाला आहे: सात फूट उंच, सोनेरी केसांचा आणि कोणा स्त्रीच्या उदरीं न जन्मलेला! स्त्रियांचीं डोकीं भादरून त्यांना कुंपणाच्या आंत कोंडलेलें आहे. मुलगा दीड वर्षाचा झाला कीं तो आईपासून काढून नेतात. जुना इतिहास समूळ जाळल्यामुळें, याहून निराळें कधीं कांहीं होतें याची कोणाला कल्पनाच नाहीं.

अशा जर्मनींत आल्फ्रेड नांवाचा एक इंग्रज विमान-कारागीर यात्रेकरू म्हणून येतो. फॉन हेस या वृद्ध सरदाराच्या घराण्यांत एका पूर्वजानें लिहून ठेवलेला खरा इतिहास पिढ्यान् पिढ्या गुप्तपणें जतन केलेला असतो. सरदाराचे पुत्र मरण पावलेले. म्हणून तो ग्रंथ तो आल्फ्रेडच्या स्वाधीन करतो. त्यापूर्वी तो त्याला एक छायाचित्र दाखवितो. त्यांतला हिटलर ठेंगणा, काळ्या केसांचा व पोट सुटलेला आहे. शेजारीं लांब केसांची एक सुंदर व्यक्ति ताठ मानेनें उभी आहे. आल्फ्रेड तिला मुलगा समजतो. ती मुलगी आहे हें कळतांच तो हादरून जातो.

कादंबरीचें मर्म येथें आहे. स्त्री एके काळीं मान उंच करून वावरत होती, याची साक्ष उरली असती तर तिला कोंडून ठेवणें कठीण गेलें असतें. म्हणून ग्रंथ जाळणें आणि स्त्रीला पशु करणें हीं एकाच धोरणाचीं दोन अंगें ठरतात. त्याचें फळहि राज्यकर्त्यांना भोगावें लागतें: मुलींचे जन्म घटत जातात आणि ही चिंता उघड बोलण्याचीहि त्यांना सोय राहत नाहीं.

कादंबरीच्या मध्यभागीं संवाद फार लांबले आहेत, हा दोष खरा. परंतु पुढें ग्रंथ लपवावा कोठें, ही काळजी वाचकाला सोडीत नाहीं. आल्फ्रेडचा अंत होतो, तरी ग्रंथ त्याच्या मुलाच्या हातीं जातो.

१९४० सालीं ‘लेफ्ट बुक क्लब’नें ही कादंबरी पुनः काढली. ऑर्वेलची प्रसिद्ध भविष्यकथा त्यानंतर नऊ वर्षांनीं आली. बर्डेकिन बाई १९६३ मध्यें वारल्या, तोंपर्यंत टोपणनांवाचा पडदा उठला नव्हता. डॅफ्नी पटाई या अमेरिकन विदुषीनें १९८० नंतरच्या दशकांत तो दूर केला आणि १९८५ मध्यें कादंबरी पुनः छापली गेली. आज मुखपृष्ठावर लेखिकेचें स्वतःचें नांव दिसतें.