गिटारचा खर्ज

सहा तारांची बास म्हटलं की दुकानदार बहुधा भलतंच वाद्य समोर ठेवतो. फळीसारखा रुंद नेक, ३४ इंच किंवा त्याहून लांब तारा, आणि ती वाजवणारा माणूस हमखास जॅझ-फ्यूजनवाला. ती अँथनी जॅक्सनची परंपरा. न्यू यॉर्कच्या या वादकाने १९७५ मध्ये कार्ल थॉम्पसन या कारागिराकडून आपल्या कल्पनेतली बास बनवून घेतली. नेहमीच्या चार तारांच्या खाली एक ‘बी’ आणि वर एक ‘सी’. तो तिला कॉन्ट्राबास गिटार म्हणायचा. थोर वाद्य आहे, पण इथे विषय तो नाही.

इथे विषय आहे ३० इंची सहा तारांचा. तिच्या तारा साध्या गिटारसारख्याच लावतात, ई-ए-डी-जी-बी-ई, फक्त अख्ख्या एका सप्तकाने खाली. गिटारवर येणारी प्रत्येक कॉर्ड, प्रत्येक स्केल त्याच बोटांनी इथे वाजते. माझं मत विचाराल तर ही बास नव्हेच. ही खर्जात उतरलेली गिटार आहे. हे ध्यानात न घेता ती विकत घेणारा बासवादक महिन्याभरात तिला गिऱ्हाईक शोधू लागतो.

याचं कारण तारांच्या हिशेबात आहे. गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा थरथरते; आपल्याला हवी आहेत ४१ कंपनं. त्याच लांबीची, त्याच जाडीची तार नुसती सैल करून हा स्वर काढायचा तर ताण एक चतुर्थांशावर येतो आणि तार लोंबकळते. म्हणून लांबी साडेपंचवीस इंचांवरून ३० वर नेली आणि जाडी ४६ गेजवरून ८४ वर. आकडेमोड करून पाहिली, तर ताण गिटारच्या तारेच्या जवळपासच येतो, किंचित जास्त. उलट चार तारांच्या बासवर १०५ गेजची तार ३४ इंचांवर ताणलेली असते. तिथला ताण याच्या साधारण दुप्पट. त्यामुळे बासवाल्याचं बोट इथे पडलं की तार सरळ फ्रेटवर आपटते. शिवाय दोन तारांमधलं अंतर गिटारइतकंच, म्हणजे उजव्या हाताची दोन बोटं तिथे शिरायलाच अडखळतात. पिक घेतलं की मात्र सगळं सुरळीत होतं.

हे वाद्य पहिल्यांदा बाजारात आणलं न्यू जर्सीच्या डॅनइलेक्ट्रोने, १९५६ मध्ये. मालक नॅथन डॅनियल काटकसरीत वस्ताद होता. लाकडी चौकटीवर हार्डबोर्ड ठोकून गिटारची बॉडी करायची आणि पिकअपला आवरण म्हणून लिपस्टिकच्या नळ्या वापरायच्या, हा त्याचा खाक्या. वाद्यं स्वस्त असायची, पण आवाज काचेसारखा स्वच्छ. कॅलिफोर्नियात लिओ फेंडरने १९६१ मध्ये बास सिक्स काढली. तिचा थाट निराळा होता: तीन पिकअप, प्रत्येकाला स्वतंत्र सरकतं बटण, आणि तारा हलवून स्वर डोलवणारा व्हायब्रेटोचा दांडा. १९६३ मध्ये चौथं बटण आलं. ते खालचा आवाज कापतं आणि वादक त्याला ‘स्ट्रँगल स्विच’ म्हणतात. खर्जासाठी घेतलेल्या वाद्यावर खर्ज कापायचं बटण कशाला, असं कुणालाही वाटेल. उत्तर नॅशव्हिलमध्ये मिळतं.

तिथल्या कंट्री संगीताच्या स्टुडिओत मोठा उभा डबल बास असे. त्याचा आवाज गोल, भरदार; पण स्वराची सुरुवात बोथट. त्या काळच्या छोट्या रेडिओवर तो नुसता घुमायचा, नेमका स्वर कळायचा नाही. मग एक गिटारवादक सहा तारांची बास घेऊन शेजारी बसायचा. उजव्या तळव्याची कड ब्रिजजवळ तारांवर टेकवायची, तारा अर्धवट दाबायच्या आणि पिकने डबल बासचेच स्वर, त्याच क्षणी, वाजवायचे. त्यातून टिकटिक असा धारदार ठोका निघतो. या वादनाला नावच पडलं ‘टिक-टॅक’. पॅट्सी क्लाइनचं १९६१ मधलं ‘क्रेझी’ कान देऊन ऐका: डबल बासवर बॉब मूर, सहा तारांवर हॅरल्ड ब्रॅडली. दोन माणसं वाजवताहेत हे सांगितल्याशिवाय कळत नाही. मूर गोलाई देतो, ब्रॅडली धार.

मला या वाद्याचा हा स्वभाव सगळ्यात आवडतो. ते कुणाची जागा बळकावत नाही, कुणाच्या तरी जोडीला बसतं. एकटं पुढे आलं तरी गिटारच्या थाटात येतं, बासच्या नाही. ‘विचिटा लाइनमन’ या १९६८ च्या गाण्यात ग्लेन कॅम्पबेलने वाजवलेला एकल तुकडा डॅनइलेक्ट्रोवरचा आहे, आणि ती बास होती त्याच ध्वनिमुद्रणात वाजवणाऱ्या कॅरल के यांची. सरळ गाण्याचीच चाल, पण स्वर असे जाड आणि कंपणारे की तारयंत्राच्या तारा आठवाव्यात. १९८९ च्या ‘पिक्चर्स ऑफ यू’मध्ये द क्युअरच्या रॉबर्ट स्मिथनेही तेच केलं. खाली बास आपलं काम करते आणि ही वरच्या तारांवर चाल गाते.

बीटल्सचं प्रकरण उलट्या बाजूने बोलकं आहे. पॉल मॅकार्टनी पियानोवर बसला की बास वाजवायला कुणी उरत नसे. मग लेनन किंवा हॅरिसन फेंडर बास सिक्स उचलत. दोघेही गिटारवाले, त्यामुळे फ्रेटवरच्या जागा आयत्या ठाऊक. जानेवारी १९६९ मध्ये मुद्रित झालेल्या ‘द लाँग अँड वाइंडिंग रोड’मध्ये लेननने वाजवलेली बास काही ठिकाणी चुकलेली आहे आणि ती तशीच रेकॉर्डवर राहिली. बोटांना जागा माहीत असणं वेगळं आणि बासवाल्याचं डोकं असणं वेगळं.

आता खरेदी. मूळ फेंडरचं उत्पादन १९७५ मध्ये थांबलं. त्या जुन्या नगांच्या नादी आपण लागू नये. आपल्यासारख्यांसाठी फेंडरचीच स्क्वायर क्लासिक व्हाइब बास सिक्स पुरेशी आहे. पिकअप तीन, स्ट्रँगल बटण जागेवर. खिसा जड असेल तर २०२३ मध्ये आलेली फेंडर व्हिंटेरा मालिकेतली पाहावी.

कोणतीही घेतली तरी पहिली तक्रार जाड ‘ई’ तारेची येणार. ८४ गेजची तार अंगात जीव नसल्यासारखी वाजते, जोरात मारली की सूर क्षणभर वर जाऊन मग खाली येतो. उपाय ९५ गेजचा. ला बेलाचा २६ ते ९५ चा फ्लॅटवाउंड सेट खास याच वाद्यासाठी निघतो. टिक-टॅकसाठी याहून चांगल्या तारा मला माहीत नाहीत. पण नुसत्या तारा बदलून भागत नाही. नटची खाच ८४ साठी कापलेली असते, ९५ ची तार तिच्यात बसत नाही, वर तरंगते. खाच कानशीने रुंद करून घ्यावी लागते, आणि हे काम करणाराच करू जाणे. नंतर बारावा फ्रेट तपासायचा. तिथे दाबलेला स्वर आणि त्याच जागी नुसता स्पर्श करून काढलेला हार्मोनिक जुळला पाहिजे. दाबलेला चढा आला तर ब्रिजवरचा सॅडल मागे सरकवायचा. जाड तारेचा सॅडल सरकता सरकता टोकाला पोचतो तरी थोडा फरक उरतो, असं होऊ शकतं. म्हणून शक्य असेल तर घेण्याआधी, ट्यूनर लावून, हीच एक तार दहा मिनिटं तपासावी. बाकी रंगरूप नंतर.

आपल्याकडच्या पावसाळ्यात नेकचं लाकूड दमट हवेने हलतं. जूनमध्ये नीट असलेली बास ऑगस्टमध्ये खडखडायला लागली तर घाबरू नये, ट्रस रॉडला पाव फेरा पुरतो. त्याहून जास्त स्वतः फिरवू नये.

अँप बासचा असला तर निर्धास्त वाजवता येतं, पण आवाज मला तरी थोडा मठ्ठ वाटतो. गिटारचा स्वच्छ आवाजाचा अँप, त्यात ट्रेमोलो आणि थोडा रिव्हर्ब, यात ती खुलते; आवाज मात्र बेताचा ठेवावा, कारण गिटारचे छोटे स्पीकर ४१ कंपनांसाठी केलेले नसतात. आणि बँडमध्ये बासवाला आधीच असेल तर उत्तम. त्याला त्याची नेहमीची ओळ वाजवू द्या, तळवा तारांवर टेकवा, स्ट्रँगल बटण दाबा आणि तेच स्वर त्याच्या जोडीने वाजवून पाहा.