माउलीचा मान आणि चर्चचे पंचांग

सप्टेंबर महिना लागला की मुंबईत वांद्र्याच्या टेकडीकडे माणसांची रीघ सुरू होते. आठ तारखेच्या आधी नऊ दिवसांची नोव्हेना, आठ तारखेला मरियामातेच्या जन्माचा सण, आणि त्या दिवशी किंवा त्यानंतर येणाऱ्या रविवारपासून आठवडाभराची जत्रा, असा हा क्रम. मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाची घरे आणि मेणाची बाळे घेऊन रांगेत उभे राहणाऱ्यांमध्ये ख्रिस्तेतरही मोठ्या संख्येने असतात. कोळी समाजाने टेकडीवरच्या या मरियेला ‘मोत माउली’ असे नाव दिले. ‘माउंट’चे ‘मोत’ झाले, असे त्याबाबत सांगितले जाते. ‘माउली’ हा शब्द कानावर पडला की मराठी मनाला पुढचे काही समजावून सांगावे लागत नाही. आणि गफलत होते ती नेमकी येथेच. माउली आहे, नवस आहे, जत्रा आहे, म्हणजे ही ख्रिस्ती लोकांची देवीच, असा समज सहज होऊन जातो.

कॅथलिक चर्चला हा समज मान्य नाही. मरियेची उपासना करणे हे त्याच्या दृष्टीने पाप आहे. मग हे सारे काय आहे, याचे उत्तर धर्मशास्त्राच्या जाडजूड ग्रंथांत सापडतेच. पण त्याहून सोपे आणि रोज दिसणारे उत्तर चर्चच्या पंचांगात आहे. कोणाचा सण कधी, कोणत्या दर्जाचा, आणि दोन सण एकाच दिवशी आले तर माघार कोणी घ्यायची, हे त्यात ठरलेले असते.

मराठी वाचकाचा गोंधळ होण्यास आणखी एक कारण आहे. ख्रिस्ती म्हटले की आपल्याला रेव्हरंड ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ आठवतात. ही परंपरा प्रोटेस्टंट आहे. त्या घरांत येशूचे नाव अहोरात्र असले तरी मरियेच्या नावाची जपमाळ नसते, संतांकडे मागणे नसते. सोळाव्या शतकातील धर्मसुधारकांचा मुख्य आक्षेपच हा होता, की मनुष्य आणि देव यांच्यामध्ये येशूखेरीज दुसरा मध्यस्थ उभा करता कामा नये. वसई, मुंबईची जुनी गावठाणे आणि गोवा येथील ख्रिस्ती जीवन मात्र पोर्तुगीज काळापासून कॅथलिक वळणाचे आहे.

चर्चचे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. नाताळच्या आधी येणाऱ्या चौथ्या रविवारी ‘आगमनकाळा’ने ते उघडते. त्याला दोन पदर आहेत. पहिला येशूच्या जीवनाचा: आगमनकाळ, नाताळ, चाळीस दिवसांचा उपवासकाळ, ईस्टर आणि पेन्टेकॉस्ट. यातील ईस्टर चंद्रावर अवलंबून असतो. २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेपुढचा रविवार तो ईस्टर. ही पौर्णिमा पुष्कळदा आपल्या चैत्राचीच असते, त्यामुळे तारीख दरवर्षी का सरकते हे आपल्याकडे फारसे समजावून सांगावे लागू नये. दुसरा पदर मरियेचा आणि संतांचा. त्याच्या तारखा मात्र जवळजवळ सर्व ठरलेल्या. धर्मगुरूंच्या वस्त्राचा रंगही त्या त्या दिवसाप्रमाणे बदलतो: प्रायश्चित्ताला जांभळा, सणाला पांढरा, हुतात्म्याच्या दिवशी लाल आणि उरलेल्या साध्या दिवसांना हिरवा.

मरियेच्या तारखांमागचे गणित मोठे गमतीचे आहे. २५ मार्च हा गब्रिएल देवदूताने तिला निरोप दिल्याचा दिवस. त्यापुढे बरोबर नऊ महिने मोजले की २५ डिसेंबर येतो. मरियेचा स्वतःचा जन्मदिन ८ सप्टेंबर. त्यातून नऊ महिने मागे गेले की ८ डिसेंबर. हा दिवस ‘निष्कलंक गर्भसंभवा’चा. येथे कित्येक जाणकारांचीही चूक होते. हा सण येशूच्या गर्भधारणेचा नाही. मरिया तिच्या आईच्या उदरात आली तेव्हाच ती आदिपापापासून मुक्त होती, या श्रद्धेचा आहे. पोप नववे पायस यांनी १८५४ मध्ये तिला धर्मसिद्धान्ताचा दर्जा दिला. मरियेच्या जन्माविषयी बायबल पूर्ण मौन पाळते. तिच्या आईवडिलांची अन्ना आणि योआकीम ही नावेही बायबलमध्ये नाहीत. ती दुसऱ्या शतकातील एका बायबलबाह्य ग्रंथातून आली. तरीही त्या दोघांना २६ जुलै हा दिवस मिळाला आहे. भक्तीने आधी मागितले आणि पंचांगाने मागाहून दिले, असे येथे अनेकदा घडलेले दिसते. १५ ऑगस्टचा स्वर्गोन्नयनाचा सण शेकडो वर्षे साजरा होत होता; त्यावर सिद्धान्ताची मोहोर उमटली ती थेट १९५० मध्ये. भारतातील कॅथलिकांना या तारखेचा विशेष लाभ असा, की सकाळची मिस्सा आणि झेंडावंदन दोन्ही एकाच दिवशी होतात.

पंचांगाचा खरा स्वभाव कळतो तो तारखा एकमेकींवर आदळल्या म्हणजे. २०२४ हे वर्ष त्यासाठी पाहण्यासारखे होते. त्या वर्षी २५ मार्च हा पवित्र सप्ताहातील सोमवार होता. गुड फ्रायडे अवघ्या चार दिवसांवर. मरियेला निरोप मिळाल्याचा महोत्सव म्हणून पुढे ढकलला गेला आणि ईस्टरचा आठवडा उलटल्यावर ८ एप्रिल रोजी झाला. त्याच वर्षी ८ डिसेंबर आगमनकाळातील रविवारी आला, तेव्हा निष्कलंक गर्भसंभवाचा सणही ९ तारखेवर गेला. रविवार हा येशूच्या पुनरुत्थानाचा वार. महत्त्वाच्या काळातल्या रविवारापुढे त्याच्या आईचा महोत्सवही थांबतो. साध्या काळातल्या रविवारापुढे मात्र १५ ऑगस्ट थांबत नाही; तो महोत्सवाच्या पहिल्या दर्जाचा आहे. त्याखाली सण, त्याखाली स्मृतिदिन, आणि सर्वांत खाली ऐच्छिक स्मृतिदिन, अशी ही उतरंड आहे. सामान्य संताचा स्मृतिदिन रविवारी आला तर त्या वर्षापुरता तो गळूनच जातो. ज्या चर्चला एखाद्या संताचे नाव आहे, त्या चर्चपुरता मात्र त्याचा दिवस पहिल्या दर्जाला चढतो.

या उतरंडीमागे शब्दांचा काटेकोर भेद आहे. ईश्वराला जी द्यायची ती ‘लात्रिया’, म्हणजे उपासना. संतांना द्यायची ती ‘दुलिया’, म्हणजे आदर. मरियेला सर्व संतांहून अधिक आदर, म्हणून ‘हायपरदुलिया’. पण तोही शेवटी आदरच. मराठीत अडचण अशी, की ‘भक्ती’ हा एकच शब्द विठ्ठलाला, ज्ञानोबांना, आईला आणि देशालाही चालतो. त्यामुळे ‘मरियेची भक्ती’ असे म्हटले, की ऐकणारा तिला आपोआप देव्हाऱ्यात बसवतो. कॅथलिक माणूस मरियेकडे मागतो ते तिने आपल्यासाठी रदबदली करावी म्हणून. देणारा ईश्वर, असे त्याला लहानपणापासून शिकवलेले असते. मेणबत्ती लावताना प्रत्येकाच्या मनात हा भेद इतका स्वच्छ असतो, असे मात्र म्हणता येणार नाही.

लोकांची श्रद्धा पंचांगाच्या चौकटीत मावत नाही, हेही तितकेच खरे. माहीमच्या सेंट मायकेल चर्चमध्ये बुधवारी होणारी नोव्हेना हे त्याचे ठळक उदाहरण. १९४८ च्या ८ सप्टेंबरला ती सुरू झाली आणि माहीमचा बुधवार हा शब्दप्रयोगच रूढ झाला. चर्चच्या पंचांगात बुधवारला असे कोणतेही स्थान नाही. मे महिना मरियेचा आणि ऑक्टोबर जपमाळेचा, हीदेखील लोकपरंपरेचीच देणगी. त्यातल्या ऑक्टोबरला ७ तारखेच्या सणाचा आधार आहे: १५७१ मध्ये लेपांतोच्या सागरी युद्धात तुर्की आरमाराचा पराभव झाला, त्याचे श्रेय जपमाळेला देण्यात आले. गावठाणातल्या जुन्या क्रुसांपुढे, ज्यांतले काही १८९६ च्या प्लेगच्या साथीत उभे राहिले, मे महिन्यात संध्याकाळी शेजारी जमतात आणि स्तवने गातात. तेथे धर्मगुरू असलाच पाहिजे असे नाही.

या दोन ओढींमधला ताण रोममध्येही उमटला आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत मरियेवर स्वतंत्र दस्तऐवज असावा, की चर्चविषयक दस्तऐवजातच तिचे प्रकरण असावे, यावर बिशपांमध्ये तीव्र मतभेद झाले. २९ ऑक्टोबर १९६३ रोजी मतदान झाले. समावेशाच्या बाजूने १,११४ आणि विरोधात १,०७४. जेमतेम चाळीस मतांच्या फरकाने मरिया चर्चच्या आत राहिली, चर्चच्या वर नाही. तो दस्तऐवज २१ नोव्हेंबर १९६४ रोजी जाहीर झाला, आणि त्याच दिवशी पोप सहावे पॉल यांनी तिला ‘चर्चची माता’ हा किताब देऊन दुसऱ्या बाजूचेही समाधान केले. सार्वत्रिक पंचांगात त्या किताबाचा दिवस येण्यास मात्र २०१८ साल उजाडावे लागले. पेन्टेकॉस्टनंतरचा सोमवार त्यासाठी नेमण्यात आला.

याच पोपनी पुढे पंचांगच चाळून काढले. शतकानुशतके संतांची इतकी दाटी झाली होती, की येशूच्या जीवनाचा मूळ पदर झाकला जात होता. सुधारित पंचांगाला मान्यता मिळाली ती १४ फेब्रुवारी १९६९ रोजी, आणि योगायोग असा, की वगळलेल्या नावांत १४ फेब्रुवारीचे संत व्हॅलेंटाइनही होते. ज्या दिवसावरून आपल्या शहरांत भेटकार्डांची दुकाने फोडली गेली, तो दिवस चर्चच्या सर्वसाधारण पंचांगात तेव्हापासून सिरिल आणि मेथोडियस या नवव्या शतकातील दोन भावांचा आहे. प्रवाशांचे संत ख्रिस्तोफर यांचेही नाव गेले. त्यांचे संतपद काढून घेतले, अशी आवई उठली. ती खरी नव्हती. वगळले गेले ते जगभराच्या पंचांगातून. स्थानिक पंचांगांना मुभा राहिली आणि गाडीत त्यांचे पदक लावणाऱ्यांनी ते काढलेही नाही.

संताचा दिवस म्हणजे त्याचा मृत्युदिन. स्वर्गातला तो जन्म, अशी त्यामागची कल्पना. तुकाराम बीज आणि आळंदीचा संजीवन समाधी सोहळा पाळणाऱ्या महाराष्ट्राला, किंवा उरुसाला जाणाऱ्या माणसाला, ही कल्पना परकी वाटणार नाही. पृथ्वीवरचा जन्मदिन साजरा होतो तो तिघांचाच: येशू, मरिया आणि बाप्तिस्मा करणारा योहान. योहान येशूपेक्षा सहा महिन्यांनी मोठा, म्हणून त्याचा सण २४ जून. गोव्यात त्या सुमारास विहिरी भरलेल्या असतात आणि तरुण त्यांत उड्या घेतात. मरिया भेटायला आली तेव्हा योहानाने आईच्या उदरात उडी मारली, या कथेशी ते नाते जोडले जाते. पॅलेस्टाइनच्या कोरड्या जूनमधल्या सणाला कोकणच्या पावसाने दिलेले हे रूप आहे.

आणि ज्यांची नावेच कोणाला ठाऊक नाहीत, अशा संतांचे काय? त्या सर्वांसाठी १ नोव्हेंबर. दुसऱ्या दिवशी सर्व मृतांचे स्मरण, आणि त्या संध्याकाळी दफनभूमी मेणबत्त्यांनी उजळून निघते.

नाव ठाऊक असूनही पंचांगात न दिसणारा एक संत महाराष्ट्राचाच आहे. गोन्सालो गार्सिया यांचा जन्म सोळाव्या शतकाच्या मध्यास वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई स्थानिक. जपानमध्ये व्यापार करून ते पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे आणखी पंचवीस जणांसह त्यांना क्रुसावर चढवण्यात आले. १८६२ मध्ये ते संत घोषित झाले. ५ फेब्रुवारी हा दिवस आधीच संत अगाथा यांचा, म्हणून या हुतात्म्यांना ६ तारीख मिळाली. आणि तेथे लिहिलेले असते ‘पॉल मिकी आणि सहकारी’. त्या ‘सहकारी’ शब्दात वसईचा संत सामावलेला आहे. वसईकरांनी मात्र त्यांचे नाव महाविद्यालयाला देऊन ती उणीव आपल्यापुरती भरून काढली.

अलीकडच्या दोन निर्णयांतही हीच शिस्त दिसते. मरियेला ‘सह-उद्धारक’ म्हणावे, अशी मागणी काही भक्तगट अनेक वर्षे करत होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये व्हॅटिकनच्या धर्मसिद्धान्तविषयक विभागाने, पोप चौदावे लिओ यांच्या संमतीने, हा किताब योग्य नसल्याचे स्पष्ट केले. उद्धारक एकच, मरिया त्याची आई आणि श्रद्धावंतांची आई, एवढे पुरेसे आहे, असा त्याचा आशय. त्याआधी फेब्रुवारी २०२५ मध्ये कोलकात्याच्या मदर तेरेसा यांचे नाव सार्वत्रिक पंचांगात दाखल झाले. त्यांचा मृत्युदिन ५ सप्टेंबर, आणि दर्जा सर्वांत खालचा, ऐच्छिक स्मृतिदिनाचा. २०२७ मध्ये ही तारीख रविवारी येते. त्या वर्षी जगातील बहुतेक चर्चमध्ये रविवारची नेहमीची मिस्सा होईल.