आइस्क्रीमच्या डब्यांचं वाचनालय

इंडोनेशियातल्या बांडुंग शहरात एका बागेत खांबांवर एक पेटी उचलून धरलेली दिसते. तिच्या चारही अंगांना पांढरे गोल. जवळ गेलं की कळतं, हे आइस्क्रीमचे प्लास्टिकचे डबे आहेत. सुमारे दोन हजार, सगळे वापरून झालेले.

हे बीमा वाचनालय २०१६ साली उभं राहिलं. आकार १६० चौरस मीटर. जागेवर आधीपासून एक मंच होता; वस्तीतली मंडळी तिथे जमायची, पोरं खेळायची. ‘शाउ’ संस्थेच्या फ्लोरियान हाइन्झेलमान आणि दालियाना सूर्यविनाता या वास्तुविशारदांनी तो राखला आणि वाचनालय त्याच्या डोक्यावर बांधलं. मंचाला आयती सावली मिळाली. बूड कापलेला डबा म्हणजे शून्य, शाबूत डबा म्हणजे एक, अशा द्विमान पद्धतीने भिंतीत पुस्तकांविषयीचा एक संदेशही गुंफला आहे. तो तेव्हाचे महापौर रिद्वान कामिल यांचा, जे स्वतः वास्तुविशारद. गंमत म्हणून ठीक.

खरी करामत हवेची आहे. आत एसी नाही. उभ्या लोखंडी पट्ट्यांमध्ये डबे बसवलेत. बूड कापलेल्या डब्यांतून वारा आरपार जातो, बाकीच्यांच्या पांढुरक्या प्लास्टिकमधून ऊन गाळून येतं. मग पाऊस? डबे बाहेरच्या अंगाला कलते आहेत, त्यामुळे पाणी बाहेरच निथळतं. वादळी सर आलीच, तर आतले सरकते दरवाजे ओढायचे. आभाळ भरून आलं की कुणीतरी उठायचं, एवढीच यंत्रणा.

पण बांडुंग सुमारे ७०० मीटर उंचीवर, पुण्याहूनही वर आहे. हवा बारा महिने सौम्य. हीच भिंत मे महिन्यात नागपुरात वाचकाच्या तोंडावर झळा आणील. जुलैत रत्नागिरीत तिच्यातून ओल शिरेल आणि पानांना बुरशी धरेल. शिवाय उन्हात प्लास्टिक हळूहळू ठिसूळ होतं. तडकलेला डबा बदलायचा, तर त्याच मापाचा दुसरा मिळायला हवा. आणि दोन हजार डब्यांच्या आतून फडकं कोण फिरवणार? इमारतीला देणगीदार मिळतात, झाडलोटीला नाही.

‘शाउ’नेच २०२० साली किनाऱ्यावरच्या उष्ण सेमारांगमध्ये ‘वरक कायू’ वाचनालय बांधलं, ते लाकडाचं. तिथे उन्हाला अडवते शंकरपाळ्यांच्या आकाराची लाकडी जाळी. एसी याही इमारतीत नाही. मात्र प्लास्टिकची काळजी मिटली तरी दमट हवेत लाकूड जपायचं काम मागे लागतंच.