किरण टिपणारें तेल

किरणोत्सर्गी पदार्थांतून निघणारे सूक्ष्म कण डोळ्यांस दिसत नाहींत. ते टिपण्याची एक युक्ति अशी: स्वच्छ तैलद्रवांत प्रकाश देणारें रसायन अल्प प्रमाणांत विरघळवितात. कण द्रवांतून गेला कीं, त्याची शक्ति द्रवाकडून त्या रसायनास पोंचते व निळसर लकाकी चमकते. ती मोजण्यास अतिसूक्ष्म प्रकाशहि जाणणाऱ्या नळ्या भोंवतीं बसवितात.

अडचण होती द्रवाची. आरंभीं टोलुईन पुष्कळ वापरीत. त्याची वाफ सुमारें ४ अंश सेंटिग्रेडवरहि ठिणगीनें पेट घेते. म्हणजे आमच्याकडे माघांतल्या पहांटेसहि तें धोक्याचेंच. स्यूडोक्यूमीन त्याहून बरें, तरी तेंहि अपायकारक. इटलींतील ग्रान सास्सो पर्वताखालच्या प्रयोगशाळेंतून २००२ सालीं तें थोडें सांडून बाहेरच्या ओढ्यांत गेलें. त्या पर्वतांतलें पाणी भोंवतालचे लोक पितात. पुढें काम दीर्घकाळ अडलें, तें योग्यच झालें, असें आम्हांस वाटतें.

उपाय सांपडला तो जणूं परटाच्या घाटावर! कपडे धुण्याची पूड ज्यापासून करितात, त्या लिनिअर आल्किलबेंझीनची वाफ १२० अंशांच्या आंत पेटत नाहीं. तें मुळींच जळत नाहीं, असें मात्र कोणीं समजूं नये. उत्तम शुद्ध केल्यास प्रकाश त्यांतून २० मीटरांहून अधिक जातो. कॅनडांत सडबरीच्या खाणींत तें भरलें आहे. चीनमधील जूनो प्रयोगशाळेंत तर ७०० मीटर खोल २०,००० टन आहे. लिटरमागें प्रकाशदायी रसायन अवघें अडीच ग्रॅम. अणुविद्युत्केंद्रांतून येणारे न्यूट्रिनो तेथें ऑगस्ट २०२५ पासून टिपले जात आहेत.