हमीपत्रातला नववा मुद्दा

कतारमध्ये मराठी माणूस मोठ्याने घोषणा देतो ती दोनच वेळा. एक, भारत-पाकिस्तान सामना असला की, आणि तीही बहुधा कुणाच्या तरी हॉलमध्ये टीव्हीसमोर. दुसरी गणपतीत. 'गणपती बाप्पा मोरया'चा आवाज कुठपर्यंत जाऊ द्यायचा याचा आम्हाला इतका नेमका अंदाज आला आहे, की दार उघडं राहिलं तर कुणीतरी आपणहून उठून ते लावतं. सांगावं लागत नाही. दोह्यात १९ वर्षं काढल्यावर या गोष्टी अंगवळणी पडतात.

यात तक्रार नाही हं. इथे आपण कामाला आलो, घर चाललं, गावाकडचं कर्ज फिटलं. इथल्या कायद्याचं म्हणाल तर तो सरळ आहे. कतारच्या राज्यघटनेच्या ४४व्या कलमात एकत्र जमण्याचा हक्क दिलेला आहे, पण तो नागरिकांना, आणि कायद्याच्या चौकटीत. सार्वजनिक सभा आणि मोर्चे यांच्यासाठी २००४ सालचा १८ क्रमांकाचा कायदा आहे आणि आधी परवानगी लागते. आता या देशात राहणाऱ्या दहा माणसांपैकी जवळपास नऊ माणसं परदेशी. त्यात भारतीयच आठ लाखांच्या आसपास. तेव्हा तो हक्क आपल्यासाठी नाही हे आपल्याला ठाऊक असतं आणि आपण त्याचा विचारही करत नाही.

विचार करायची वेळ आली ती २०२२च्या ऑगस्टमध्ये. फुटबॉल विश्वचषक तीन महिन्यांवर आला होता. सात-सात महिने पगार न मिळालेले कामगार दोह्यात सी रिंग रोडवर जमले आणि त्यांनी रस्ता अडवला. निदान ६० जणांना ताब्यात घेतल्याच्या, काहींना मायदेशी पाठवल्याच्या बातम्या जगभर आल्या. सरकारने सांगितलं की सार्वजनिक सुरक्षेचे कायदे मोडणाऱ्यांवर कारवाई झाली आणि थकलेले पगारही देण्यात येत आहेत. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी त्या जमावाचा व्हिडिओ टाकला. पाच मिनिटांत ॲडमिनने तो काढला. नंतर कुणी एक अक्षर लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखे 'शुभ प्रभात'चे गुलाब आले.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे आमची ऋचा. ती दोह्यातच जन्मली, इथल्याच भारतीय शाळेत बारावी झाली. आखाती देशांत काम करणाऱ्यांच्या मुलांसाठी इंजिनिअरिंगच्या प्रवेशात वेगळा कोटा असतो, त्यातून तिला पुण्याच्या एका कॉलेजात जागा मिळाली. जुलैच्या पहिल्या आठवड्यात कागदपत्रांचा गठ्ठा ईमेलवर आला. रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र, मेडिकल, फीची पावती, आणि होस्टेलचं हमीपत्र. त्या हमीपत्रातला नववा मुद्दा असा, की विद्यार्थी कॉलेजच्या आत वा बाहेर कोणत्याही मोर्चा, निदर्शनं किंवा आंदोलनात भाग घेणार नाही, घेतल्यास खोली रद्द होईल. खाली विद्यार्थ्याची सही, पालकांची सही.

ती म्हणाली, "आई, बाहेर म्हणजे कुठे? अख्ख्या भारतात?"

नवरा म्हणाला, "कर सही. आपल्याला कुठे मोर्चे काढायचेत?"

त्याची काळजी पोकळ नाही, हे मला मान्य करावंच लागेल. आखातात नोकरी करणाऱ्याचं सगळं आयुष्य दोन कागदांवर टांगलेलं असतं, पासपोर्ट आणि पोलिसांचा दाखला, ज्याला आपण पीसीसी म्हणतो. कोर्टात फौजदारी खटला प्रलंबित असला की पासपोर्ट अडू शकतो, पीसीसी अडतं, आणि मग इकडची नोकरी विसरा. ऋचाला उद्या आमच्यासारखंच बाहेर यायचं असेल तर? शिवाय त्याच आठवड्यात परभणीची बातमी आली होती. तो म्हणाला, "वाचलंस ना? तोही विद्यार्थीच होता."

वाचलं होतं. १० डिसेंबर २०२४ला परभणीत डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यापाशी असलेल्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद पुकारला गेला, त्यात दगडफेक आणि जाळपोळ झाली, मग धरपकड. त्यात धरलेला सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. पोलिसांच्या मारहाणीनेच तो गेला, असं त्याच्या आईचं म्हणणं. ती कोर्टात गेली. ४ जुलै २०२५ला औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि ३० जुलैला तिथेही तो आदेश कायम राहिला. सात महिने लागले ते फक्त गुन्हा नोंदवा एवढं म्हणायला.

आमच्या वरच्या मजल्यावर मालेगावचं एक कुटुंब राहायचं. त्यांचा मुलगा दिल्लीत जामिया मिलियात शिकत होता. १५ डिसेंबर २०१९च्या रात्री ते काका जिन्यात उभे राहून सारखा फोन लावत होते. नागरिकत्व कायद्याविरुद्धची निदर्शनं चालू होती, त्या संध्याकाळी विद्यापीठाजवळच्या रस्त्यावर बस पेटल्या होत्या, आणि दंगेखोरांचा पाठलाग करतोय म्हणत पोलीस विद्यापीठात शिरले होते. परवानगी न घेता शिरले, असं तेव्हाच्या कुलगुरूंनीच जाहीर सांगितलं. ग्रंथालयात काय झालं ते दोन महिन्यांनी सीसीटीव्हीचं चित्रण बाहेर आल्यावर सगळ्यांनी पाहिलं. वाचायला बसलेली मुलं, आणि त्यांच्यावर पडणाऱ्या लाठ्या. काकांचा मुलगा त्या वेळी तिथे नव्हताच, मित्राच्या खोलीवर झोपला होता. हे कळेपर्यंत रात्रीचे अडीच वाजले. नवऱ्याला परभणीइतकीच ती रात्र आठवत असणार.

मी मात्र नंदुरबारची. माझ्या डोक्यात ते हमीपत्र वाचल्याबरोबर दुसरंच काही आलं.

नंदुरबारबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. ९ ऑगस्ट १९४२ला गांधीजींना आणि बाकीच्या पुढाऱ्यांना पकडलं, त्याला बरोबर महिना झाला त्या दिवशी, म्हणजे ९ सप्टेंबरला, आमच्या गावात मुलांनी मिरवणूक काढली. नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेशात होतं. व्यापाऱ्यांचं गाव, गुजरातीही तितकंच बोलणारं. पुढे झेंडा घेऊन शिरीषकुमार मेहता. त्याचा जन्म डिसेंबर १९२६चा, म्हणजे वय पुरतं सोळाही नाही. मिरवणुकीत मुलीही होत्या. पोलिसांनी ती अडवली आणि एका अधिकाऱ्याने मुलींच्या दिशेने बंदूक रोखली. तेव्हा हा मुलगा पुढे झाला आणि मारायचं तर मला मारा म्हणाला, असं आमच्याकडे सांगतात. गोळ्या लागून तो जागच्या जागी पडला. त्याच्याबरोबर लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा गेले. ही चार नावंही लिहायला हवीत, कारण बाहेर सगळ्यांना एकच नाव माहीत असतं. त्या मुलांच्या हातात झेंड्याशिवाय काही नव्हतं.

आम्ही शाळेत असताना ९ सप्टेंबरला माणिक चौकातल्या स्मारकापाशी रांगेने जायचो. ऊन असायचं, भाषणं लांबायची, आमचं लक्ष नंतर मिळणाऱ्या गोळ्यांकडे. (लिमलेटच्या. हा शब्द त्या जागी किती विचित्र वाटतो, ते मला फार उशिरा जाणवलं.) माझी आजी १९४२मध्ये बारा वर्षांची होती. तिच्या ओळखीच्या दोघी-तिघी त्या मिरवणुकीत होत्या. तिलाही जायचं होतं, पण तिच्या वडिलांनी बाहेरून कडी घातली. "मला जाऊ दिलं नाही," एवढंच ती सांगायची. बरं झालं की वाईट, यावर ती कधी काही बोलली नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

तर मी दादाला फोन लावला. माझा मोठा भाऊ धुळ्याला वकिली करतो. त्याला हमीपत्राचा फोटो पाठवला. तो हसला आणि म्हणाला, "ओल्गा टेलिसचा निकाल आठवतो का?" मला कुठून आठवणार! मग त्याने ऋचाला स्पीकरवर घेऊन सगळं समजावलं. मुंबईतला खटला आहे. १९८१मध्ये फुटपाथवरच्या झोपड्या पाडून माणसांना हाकलायचं सरकारने ठरवलं. लोक कोर्टात गेले, पण उच्च न्यायालयात त्यांच्या बाजूने असं कबूल करण्यात आलं की फुटपाथवर राहण्याचा मूलभूत हक्क आम्ही सांगत नाही, आणि ठरल्या तारखेनंतर झोपड्या पाडायला विरोधही करणार नाही. पुढे तेच लोक सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर सरकार म्हणालं, तुम्ही तर आधीच कबूल केलंय. १९८५मध्ये सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या पीठाने सांगितलं की राज्यघटनेने दिलेला हक्क माणूस असा लिहून देऊन टाकू शकत नाही, आणि दिला तरी तो त्याच्यावर बंधनकारक होत नाही. झोपड्या पावसाळ्यानंतर हलवायची मुभा शेवटी मिळालीच, ते वेगळं. पण ते तत्त्व तेव्हापासून उभं आहे.

"मग सही करू?" ऋचाने विचारलं.

"कर. तुझा हक्क शाबूत राहतो," दादा म्हणाला. "होस्टेलची खोली शाबूत राहील की नाही, ते मी सांगू शकत नाही. खाजगी कॉलेजशी भांडायचं तर तो वेगळा आणि लांबचा रस्ता."

हा हक्क म्हणजे नेमका काय, हेही त्याने तिला विचारलं. तिला येत नव्हतं. बारावीला गणित-फिजिक्स घेतलेल्या मुलीला कुठून येणार? कलम १९मधला शांततेने आणि शस्त्रं न घेता एकत्र जमण्याचा हक्क. त्यावर सरकार वाजवी बंधनं घालू शकतं. जमावबंदीचा हुकूम निघू शकतो, जुनं कलम १४४ आता नव्या कायद्यात १६३ झालंय. पण कुणाचा विरोध नको म्हणून जमावबंदी लावता येत नाही. बीड जिल्ह्यात माजलगावला काही लोकांना नागरिकत्व कायद्याविरुद्ध ईदगाह मैदानावर शांतपणे धरणं धरायचं होतं, त्यांना परवानगी नाकारली. फेब्रुवारी २०२०मध्ये औरंगाबाद खंडपीठाने तो हुकूम रद्द केला आणि म्हटलं, एका कायद्याला विरोध करायचाय एवढ्यावरून कुणाला देशद्रोही म्हणता येणार नाही. या देशाला स्वातंत्र्यच अहिंसक आंदोलनांतून मिळालं. हे ऐकताना मला माणिक चौक दिसत होता.

आणखी एक गोष्ट अमेरिका-ब्रिटनमधल्या वाचकांनी नीट लक्षात घ्यावी. कलम १९चे हक्क फक्त भारतीय नागरिकांना आहेत. तुमच्या मुलांकडे ओसीआय कार्ड असेल तर ते नागरिकत्व नव्हे. सुट्टीत पुण्याला आलेल्या भाचीने चुलत भावंडांबरोबर मोर्च्यात जाण्याआधी हे घरात बोलून घ्या. आमच्याकडे उलट आहे. कतार जन्मावरून नागरिकत्व देत नाही, म्हणून ऋचाचा पासपोर्ट भारताचाच. ज्या देशात ती जन्मली, वाढली तिथे तिला हा हक्क कधी नव्हता. १८ वर्षांत तिने एकही मोर्चा डोळ्यांनी पाहिलेला नाही. माझ्या नवऱ्याला ही तिची सुरक्षितता वाटते. मला वाटतं, ज्या मुलीला गर्दीत कसं वागावं, कुठे थांबावं, कधी बाजूला व्हावं हे माहीतच नाही, तीच पहिल्या धावपळीत सापडते. 'कशात पडू नको' एवढंच शिकवून तिला पाठवणं म्हणजे पोहायला न शिकवता नदीकाठच्या गावात ठेवणं आहे.

यावर आमच्या घरात आठ दिवस वाद चालला. जेवणाच्या टेबलावर, गाडीत, कॉर्निशवर फिरताना. नवऱ्याने माझं सगळं मानलं असं नाही. पण शेवटी त्यानेच दादाकडून कोठडीविषयीचे नियम लिहून घेतले आणि ऋचाच्या फाइलमध्ये लावले. अटकेचं कारण विचारायचं. घरी कळवायचा हक्क आहे. २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर न्यावं लागतं. सूर्यास्तानंतर बाईला अपवादानेच अटक करता येते, तीही महिला अधिकाऱ्याने आणि मॅजिस्ट्रेटची परवानगी घेऊन. खाली मामाचा नंबर, दोनदा लिहिलेला.

हमीपत्रावर ऋचाने सही केली, पण नवव्या मुद्द्यापुढे बारीक अक्षरात लिहिलं, 'भारतीय राज्यघटनेने दिलेल्या हक्कांना बाधा न येता'. दोन दिवसांनी कॉलेजच्या ऑफिसातून फोन आला. मॅडम, फॉर्मवर जास्तीचं काही लिहिलेलं चालत नाही, कोरा फॉर्म पुन्हा भरून पाठवा. तिने पुन्हा भरला, सही केली, आणि सोबत वेगळ्या ईमेलमध्ये तेच वाक्य पाठवून दिलं. त्याला अजून उत्तर नाही. खोली मिळाली आहे, तिसऱ्या मजल्यावर, दोघींत एक.

पंधरा दिवसांपूर्वी ती पुण्याला गेली. काल फोनवर म्हणत होती, ९ सप्टेंबरला नंदुरबारला जाऊन यायचंय, रात्रीची एसटी मिळते. मी म्हटलं, मंगळवार आहे, कॉलेज बुडेल. ती म्हणाली, बघते.